नमुना आमचा, प्रश्नही आमचा

न्यूझीलंडच्या उत्तर बेटावर तौरंगाच्या परिसरात एका माओरी घराण्याने साधारण तीस वर्षांत पंचवीसहून अधिक माणसे पोटाच्या कॅन्सरने गमावली. त्यांत तरणीताठी माणसे होती, किशोरवयातलीही होती. घराण्यात कुणी याचा संबंध पूर्वजांना लागलेल्या शापाशी जोडत, तर बाहेरचे लोक खाण्यापिण्याला बोल लावत. १९९०च्या दशकाच्या मध्यावर या घराण्यातल्या मेबेल मॅक्लाउड आणि त्यांच्या नातलगांनी डुनेडिनच्या ओटागो विद्यापीठातल्या वैज्ञानिकांना स्वतःहून गाठले. आमच्या रक्तात काही आहे का ते शोधा, अशी त्यांची मागणी होती. नमुने घराण्याने दिले आणि वंशावळही घराण्यानेच मांडली. माओरी समाजात कैक पिढ्यांची वंशावळ तोंडपाठ असते. कोण कोणाचा, कोण कशाने गेला, कोणत्या वयात गेला, हे सगळे तिच्यात होते. प्रयोगशाळेला ही माहिती अन्यथा कधीच मिळाली नसती. पॅरी गिलफर्ड आणि सहकाऱ्यांनी तिच्या आधारे सीडीएच-१ या जनुकातला दोष पकडला. १९९८ साली तो शोध ‘नेचर’मध्ये छापून आला, तेव्हा लेखकांच्या यादीत त्या घराण्यातलीही नावे होती.

या शोधामुळे त्या घरांत काय बदलले ते नीट पाहायला हवे. हा कॅन्सर गाठ होऊन वाढत नाही. त्याच्या पेशी जठराच्या अस्तराखाली विखुरलेल्या असतात, त्यामुळे दुर्बिणीतून पाहताना त्या सहज निसटतात. म्हणून आधी घरातल्या प्रत्येकाने भीतीत जगायचे आणि वारंवार तपासण्या करूनही खात्री मिळायची नाही, अशी स्थिती होती. जनुक सापडल्यावर साधी रक्तचाचणी पुरू लागली. दोष असलेल्या व्यक्तीच्या प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. ज्यांना तो मिळालेला नव्हता ते त्या भीतीतून कायमचे सुटले. ज्यांना मिळाला होता त्यांना कॅन्सर होण्याआधीच जठर काढून टाकण्याचा अवघड पण जीव वाचवणारा मार्ग खुला झाला. आज जगात कुठेही या आजाराचे कुटुंब सापडले की डॉक्टर हेच जनुक तपासतात.

मूळ रहिवासी समाजांतल्या कॅन्सरवरच्या संशोधनाचा आढावा मी मुद्दाम इथून सुरू करतो आहे. या विषयावर लिहिताना फसवणुकीच्या कहाण्या आधी येतात. त्या खऱ्या आहेत आणि पुढे येणारही आहेत. पण प्रश्न ज्यांच्या घरातला आहे त्यांनीच तो विचारला, तर विज्ञान अधिक नेमके होते, ही गोष्ट त्या कहाण्यांखाली दडून जाते. लोकांना सोबत घेणे म्हणजे विज्ञानावर चढवलेली सौजन्याची झूल, असे मानणारे संशोधक अजूनही पुष्कळ आहेत. माझे म्हणणे याच्या उलट आहे. प्रश्न ठरवण्याचा, नमुने आणि माहिती सांभाळण्याचा आणि पैसा खर्च करण्याचा अधिकार समाजाकडे किती गेला, यावरच संशोधनातून मृत्यू कमी होणार की नुसते निबंध छापले जाणार हे ठरते.

विषमता केवढी आहे? अमेरिकन कॅन्सर सोसायटीच्या २०२५च्या अहवालानुसार अमेरिकेतल्या सर्व समाजगटांत कॅन्सरने मृत्यू होण्याचे प्रमाण मूळ रहिवाशांमध्ये सर्वांत जास्त आहे. मूत्रपिंड, यकृत, जठर आणि गर्भाशयमुख यांच्या कॅन्सरमध्ये ते गोऱ्यांच्या दुप्पट ते तिप्पट आहे. पण ही सरासरी फसवी आहे. अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडच्या जमातींत फुप्फुसाचा कॅन्सर तुलनेने कमी आढळतो, तर उत्तरेकडच्या मैदानी प्रदेशात आणि अलास्कात तो भरपूर आहे. एकाच नावाखाली पावणेसहाशेच्या आसपास मान्यताप्राप्त जमाती मोजल्या जातात. त्यांची भाषा, आहार, हवामान आणि तंबाखूशी असलेले नाते यांत काडीचे साम्य नाही.

मोजदादीत याहून मोठी खोट होती. रुग्णालयातला कारकून नाव आणि चेहरा पाहून नोंदवहीत ‘गोरा’ किंवा ‘हिस्पॅनिक’ असे लिहून मोकळा होई, आणि मृत्यूच्या दाखल्यावरही तेच उतरत असे. त्यामुळे वर्षानुवर्षे राष्ट्रीय आकडेवारीत मूळ रहिवाशांमधला कॅन्सर प्रत्यक्षापेक्षा कमी दिसत राहिला. आकडा कमी दिसला की निधीही कमी मिळतो. सरकारी ‘इंडियन हेल्थ सर्व्हिस’च्या रुग्णयादीशी आणि काही ठिकाणी जमातींच्या स्वतःच्या यादीशी कॅन्सर नोंदणी पडताळून पाहिल्यावरच खरे चित्र समोर आले. वायव्येकडच्या जमातींच्या साथरोग केंद्राने हे काम चिकाटीने केले. अशी जमातींची केंद्रे आता बारा आहेत आणि २०१०च्या आरोग्य कायद्याने त्यांना सार्वजनिक आरोग्य यंत्रणेचा दर्जा दिला आहे. याद्या पडताळणे हे कुणाला कारकुनी काम वाटेल. माझ्या मते विषमतेवरचे पहिले खरे संशोधन तेच होते.

आता अविश्वासाकडे वळू. त्याची मुळे अफवांत नाहीत, अनुभवात आहेत. अमेरिकेतल्या नवाहो जमातीच्या भूमीतून १९४४ ते १९८६ या काळात सुमारे तीन कोटी टन युरेनियमचे खनिज काढले गेले. खाणीत नवाहो पुरुष राबत होते. युरोपातल्या अशाच खाणींमुळे फुप्फुसाचा कॅन्सर होतो हे तोवर ठाऊक होते. अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य खात्याने १९५० साली या खाणकामगारांचा अभ्यास सुरू केला. खाणीत प्रवेश मिळावा म्हणून मात्र कामगारांना धोक्याची कल्पना द्यायची नाही, असे ठरले. डॉक्टर येत, छाती तपासत, रक्त घेत आणि निघून जात. कामगार संध्याकाळी त्याच धुळीच्या कपड्यांत घरी जात. पुढे त्यांच्यात फुप्फुसाचा कॅन्सर किती पटींनी वाढला हे शोधनिबंधांतून जगाला कळले. ज्यांची गणती झाली ते तोवर मरायला टेकले होते किंवा गेलेले होते. भरपाईचा कायदा यायला १९९० साल उजाडले. सोडून दिलेल्या पाचशेहून अधिक खाणी आजही त्या भूमीवर आहेत.

दुसरी घटना हवासुपाई जमातीची. या जमातीचे सुपाई गाव ग्रँड कॅन्यनच्या तळाशी आहे. तिथे मोटारीचा रस्ता जात नाही, टपाल खेचरावरून उतरते. गावात मधुमेह फार वाढला होता म्हणून १९९०नंतर दोनशेहून अधिक लोकांनी अॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांना विश्वासाने रक्त दिले. २००३ साली जमातीतल्या कार्लेटा टिलूसी विद्यापीठातल्या एका पीएचडीच्या व्याख्यानाला बसल्या होत्या. पडद्यावर दिसत होते ते आपल्याच लोकांचे रक्त आहे, हे तिथे त्यांच्या लक्षात आले. याची परवानगी घेतली होती का, असे त्यांनी विचारले. घेतलेली नव्हती. मधुमेहासाठी दिलेले रक्त स्किझोफ्रेनिया, जवळच्या नात्यांतली लग्ने आणि पूर्वजांचे स्थलांतर यांच्या अभ्यासासाठीही वापरले गेले होते. आपण या दरीतच जन्मलो, अशी त्या जमातीची श्रद्धा आहे. स्थलांतराचा सिद्धांत तिच्याच रक्तातून तिच्यावर लादला गेला. खटला उभा राहिला. २०१० साली तडजोड झाली, ४१ जणांना मिळून सात लाख डॉलर मिळाले आणि उरलेले नमुने परत आले.

कॅनडातही असेच घडले होते. व्हँकुव्हर बेटावरच्या नू-चा-नुल्थ लोकांनी १९८०च्या दशकात संधिवाताच्या अभ्यासासाठी दिलेले ८८३ नमुने संशोधकाबरोबर देशोदेशी फिरले, वंशशोधासाठी वापरले गेले आणि २००४ साली परत आले. ऑस्ट्रेलियातल्या एल्को बेटावरच्या योल्ङू लोकांचे दोनशेहून अधिक रक्तनमुने २०१९ साली कॅनबेराहून गावी आणून विधिपूर्वक स्वाधीन केले गेले. ते १९६०च्या दशकापासून शीतपेटीत पडून होते. ज्यांचे रक्त होते त्यांतले कितीतरी जण मधल्या काळात वारले होते. मृताच्या देहाचा अंश घरी नसणे ही तिथल्या नातलगांसाठी खरोखरीची यातना आहे.

या अनुभवांतून जमाती नियम करायला शिकल्या. नवाहोंनी १९९६ साली स्वतःचे संशोधन परीक्षण मंडळ स्थापले आणि २००२ साली जनुकीय संशोधनावर स्थगिती आणली. या मंडळाची प्रक्रिया बारा टप्प्यांची आहे. आधी स्थानिक सभेचा पाठिंबा दाखवणारा ठराव आणायचा, मग मंडळापुढे उभे राहायचे. काम संपल्यावर निबंध छापण्याआधी मंडळाला दाखवायचा आणि जमा केलेली माहिती जमातीच्या हवाली करायची. कॅनडातल्या फर्स्ट नेशन्स म्हणवणाऱ्या मूळ जमातींनी १९९८ साली मालकी, नियंत्रण, पाहण्याचा हक्क आणि प्रत्यक्ष ताबा अशी चार तत्त्वे मांडली. त्याच देशात ‘उसनवारीवर दिलेला डीएनए’ ही कल्पना पुढे आली. तिच्यानुसार नमुना संशोधकाचा कधीच होत नाही. तो सांभाळायला दिलेला असतो आणि मागितला की परत करावा लागतो. फर्स्ट नेशन्समधून आलेल्या कॅनडाच्या पहिल्या महिला जनरल सर्जन डॉ. नदीन कॅरन उत्तर ब्रिटिश कोलंबियात जनुकीय कामाची घडी याच पायावर बसवत आहेत. आपल्या लोकांना अचूक उपचारांपासून वंचितही ठेवायचे नाही आणि त्यांना पुन्हा फसूही द्यायचे नाही, अशी ती दुहेरी धडपड आहे.

हे सगळे जुळवून आणायचे काम कसे चालते हे अलास्कात सर्वांत स्पष्ट दिसते. अलास्काच्या मूळ रहिवाशांमध्ये मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचे प्रमाण जगात नोंदलेल्या प्रमाणांत सर्वांत जास्त आहे. तिथली त्यांची स्वतंत्र कॅन्सर नोंदणी १९६९ सालापासूनची आहे, म्हणून हे ठामपणे सांगता येते. आरोग्यसेवा जमातींच्या स्वतःच्या ताब्यात आहे. राज्यभरच्या जमातींची आरोग्य संस्था १९९७ साली उभी राहिली आणि अँकरेजचे मोठे रुग्णालय चालवण्यात तिचा वाटा आहे. बहुतेक गावांना रस्ता नाही. छोट्या विमानाने जायचे आणि हवा बिघडली तर दोन-दोन दिवस अडकून पडायचे.

आतड्याच्या कॅन्सरसाठी जगभर जी स्वस्त चाचणी वापरली जाई तिच्यात शौचाच्या नमुन्यात अदृश्य रक्त आहे का ते पाहतात. अलास्कात ती कुचकामी ठरत होती. तिथे हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूचा संसर्ग फार पसरलेला आहे. त्याने जठराला सूज येते, थोडे रक्त झिरपते आणि आतडे निरोगी असतानाही चाचणी धोका दाखवते. मग माणसाने विमानाने अँकरेजला जायचे, आतडे रिकामे करण्याचे औषध घ्यायचे, दुर्बिणीची तपासणी करायची आणि काही नाही म्हणून परतायचे. दोन-चार शेजाऱ्यांचे असे झाले की गाव चाचणीला हात लावत नाही. बाहेरच्या तज्ज्ञाने ‘लोक उदासीन आहेत’ असे लिहून टाकले असते. तिथे काम करणाऱ्या जमातींच्या संस्थेला मात्र चाचणीच चुकते आहे हे दिसले. मग नमुन्यातला बदललेला डीएनए शोधणारी नवी चाचणी सहाशेहून अधिक अलास्कावासीयांमध्ये तपासली गेली. तिचे निकाल २०१६ साली प्रसिद्ध झाले. नेहमीच्या रक्तचाचणीपेक्षा ती बरीच सरस ठरली. तपासणीचे वयही तिथल्या वैद्यकांनी चाळिसावर आणले. तेव्हा उरलेली अमेरिका पन्नाशीची वाट पाहत होती.

त्याच संस्थेने हवा भरून उभे करता येणारे भलेमोठे आतडे बनवून घेतले. त्याचे नाव ‘नोलन’. माणसाला आत चालत जाता येते. निरोगी भिंत कशी असते, तिच्यावर मोड कसा उगवतो, मोडाचा कॅन्सर कसा होतो, हे चालता चालता दिसते. जत्रेत, सभेत, शाळेत नोलन उभा राहतो. आजी नातवाला घेऊन आत जाते आणि शौचाबद्दल चारचौघांत बोलायची लाज तिथे गळून पडते.

समन्वय या शब्दाने डोळ्यांसमोर ईमेल, बैठका आणि तक्ते येतात. तेही असतेच. पण खरे काम वेगळे आहे. विद्यापीठाचे मंजुरी मंडळ, जमातीचे मंडळ, जमातपरिषद, रुग्णालय आणि निधी देणारी सरकारी संस्था अशा पाच जणांची घड्याळे वेगवेगळी चालतात. अनुदान साधारण पाच वर्षांचे असते. चार जमातींच्या चार परवानग्या मिळवण्यातच त्यातली दीड-दोन वर्षे सहज जातात. मध्येच निवडणूक होऊन परिषद बदलली की नव्या लोकांना सगळे पहिल्यापासून सांगावे लागते. हे सांगणारी व्यक्ती गावातली असेल आणि तिला या कामाचा पगार मिळत असेल, तर काम टिकते. ती फुकट राबावी असे गृहीत धरले की पहिल्या वर्षातच गळती लागते.

कॅन्सरच्या क्षेत्रात अशा व्यक्तीला ‘नॅव्हिगेटर’ म्हणतात. ही कल्पना हार्लेममध्ये डॉ. हॅरल्ड फ्रीमन यांनी १९९० साली रुजवली आणि चेरोकी समाजातल्या लिंडा बरहान्स्टिपानोव्ह यांनी डेन्व्हरमध्ये ‘नेटिव्ह सिस्टर्स’ उपक्रमातून तिला आपला आकार दिला. मॅमोग्रामची वेळ ठरवणे, गाडीची सोय करणे, फॉर्म भरणे, डॉक्टरांशी बोलताना शेजारी बसणे, घरच्यांना समजावणे, अशी तिची कामे. साउथ डकोटातल्या रॅपिड सिटीत कर्करोगतज्ज्ञ डॅनियल पीटरीट यांनी २००२पासून चालवलेल्या ‘वॉकिंग फॉरवर्ड’ प्रकल्पातही अशाच माणसांवर भिस्त होती. तिथल्या रुग्णांना किरणोपचारासाठी शेकडो किलोमीटर यावे लागे, सात-आठ आठवडे घर सोडून राहावे लागे. म्हणून उपचाराचा कालावधीच कमी करता येईल का, हा प्रश्न संशोधनात घेतला गेला. असा प्रश्न रुग्णाचा प्रवास पाहिलेल्या माणसालाच सुचतो.

पैसा कोणाच्या खात्यात येतो याने तर सगळेच बदलते. २०००च्या सुमाराला अमेरिकेत सुरू झालेल्या ‘नार्च’ या योजनेत अनुदान जमातीला किंवा जमातींच्या संस्थेला मिळते आणि विद्यापीठाला तिच्याकडून उपकरार घ्यावा लागतो. माझ्या मते या क्षेत्रातली ही सर्वांत दूरगामी सुधारणा आहे. परिसंवादांत मात्र तिची चर्चा तत्त्वांच्या मसुद्यांपेक्षा कमी होते. २०२५मध्ये अमेरिकी सरकारने आरोग्य विषमतेवरच्या संशोधनाच्या निधीला कात्री लावली. अशा वेळी पहिली कुऱ्हाड गावातल्या पगारी माणसावर पडते. विद्यापीठातला प्राध्यापक दुसऱ्या विषयाकडे वळू शकतो. गावातली कार्यकर्ती वळू शकत नाही, आणि विश्वास तिच्या नावावर उभा असतो.

तंबाखूच्या प्रश्नात वरवरचा प्रचार कसा फसतो ते पाहण्यासारखे आहे. मैदानी प्रदेशातल्या अनेक जमातींत तंबाखू प्रार्थनेचा भाग आहे. ‘तंबाखू म्हणजे विष’ अशी पाटी लावली की धर्माचाच अपमान झाल्यासारखे वाटते. म्हणून कॅन्ससमधल्या ‘ऑल नेशन्स ब्रेथ ऑफ लाइफ’सारख्या कार्यक्रमांनी विधीतली तंबाखू आणि दुकानातली सिगारेट यांत स्पष्ट रेघ मारली. अलास्काच्या नैर्ऋत्य भागात ‘इक्मिक’ खातात. झाडावरच्या अळंबीची राख तंबाखूत मिसळून ते करतात. राखेमुळे निकोटिन अधिक वेगाने शरीरात भिनते. सिगारेटपेक्षा हे बरे, असे समजून गरोदर बायकाही ते खात. हा समज गावातल्या बायकांशी बोलल्यावरच उमगला.

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या बाबतीत गेल्या काही वर्षांत सर्वांत आशादायक बदल घडला आहे. परक्या माणसासमोर करावी लागणारी अवघड तपासणी टाळणाऱ्या स्त्रियांना आता एचपीव्ही विषाणूच्या चाचणीसाठी आपला नमुना आपणच घेता येतो. ऑस्ट्रेलियात १ जुलै २०२२पासून ही निवड सर्व स्त्रियांना मिळाली. तिथे टोरेस सामुद्रधुनीच्या बेटांवरच्या समाजातल्या साथरोगतज्ज्ञ लिसा व्हॉप यांनी तपासणीच्या नोंदवह्यांत मूळ रहिवासी स्त्रिया दिसतच नाहीत, हे आधी दाखवून दिले होते. न्यूझीलंडमध्ये बेव्हर्ली लॉटन आणि सहकाऱ्यांनी माओरी स्त्रियांबरोबर केलेल्या अभ्यासांनी याचा पाया घातला. सप्टेंबर २०२३मध्ये ती पद्धत राष्ट्रीय कार्यक्रमात आली आणि सगळ्याच स्त्रियांची सोय झाली.

पण पुरावा हाती आला म्हणून धोरण बदलतेच असे नाही. न्यूझीलंडमध्ये माओरींना आतड्याचा कॅन्सर कमी वयात होतो. निम्म्याहून अधिक रुग्ण साठीच्या आत असतात, तर इतरांत हे प्रमाण त्याच्या जवळपास निम्मे आहे. म्हणून माओरी आणि पॅसिफिक लोकांची तपासणी पन्नाशीपासून करावी, असे काम सुरू झाले होते. २०२५ साली सरकारने तो पैसा सर्वांसाठी वय ५८वर आणण्याकडे वळवला. वरून हे समान न्यायाचे दिसते. प्रत्यक्षात ज्यांना आजार आधी गाठतो त्यांची तपासणी उशिराच होत राहते. समान वागणूक आणि समान फळ यांतला फरक इतका उघडा असताना सरकारने घेतलेला हा निर्णय मला अन्यायाचा वाटतो.

या सगळ्या मार्गात खरे पेच आहेत, आणि भागीदारीच्या समर्थकांनी ते झाकू नयेत. समाजाच्या वतीने बोलणार कोण? अमेरिकेतले बहुसंख्य मूळ रहिवासी आता राखीव प्रदेशांबाहेर, शहरांत राहतात. जमातपरिषदेची परवानगी त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. जनुकीय संशोधनावरची स्थगिती न्याय्य रागातून आली, पण नव्या औषधांची निवड आता गाठीतल्या जनुकीय बदलांवरून होते, आणि ज्यांचा डेटा नाही त्यांच्यासाठी ती निवड अंदाजाने होते. नवाहो नेत्यांनी स्वतःच या स्थगितीचा फेरविचार सुरू केला. २०१९ साली ट्यूबा सिटीत त्यांच्या भूमीवर कॅन्सरवरच्या उपचारांचे केंद्र उघडले. अमेरिकेतल्या कोणत्याही राखीव प्रदेशातले ते पहिलेच. त्याआधी केमोथेरपीसाठी तासन्‌तास गाडी हाकत शहर गाठावे लागे. जिथे उपचार नाहीत तिथे नुसत्या तपासण्या करत सुटणे ही क्रूरता आहे. ‘इंडियन हेल्थ सर्व्हिस’चा दरडोई खर्च देशाच्या सरासरीच्या निम्म्याहूनही कमी आहे, हे कितीही चांगल्या भागीदारीने भरून निघत नाही.

या प्रश्नाचा आपल्याकडचा धागा थेट आहे आणि तो वेदनादायक आहे. २००९ साली तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदरा जिल्ह्यांत गर्भाशयमुखाच्या कॅन्सरविरुद्धच्या एचपीव्ही लशीचा प्रायोगिक प्रकल्प सुरू झाला. लस दहा ते चौदा वर्षांच्या हजारो मुलींना दिली गेली. खम्मममध्ये भद्राचलम भागातल्या आदिवासी मुलींच्या आश्रमशाळांचा त्यात मोठा वाटा होता. तपासलेल्या सुमारे साडेनऊ हजार संमतिपत्रांपैकी अडीच हजारांहून अधिक पत्रांवर वसतिगृहाच्या अधीक्षकांनी किंवा मुख्याध्यापकांनी सह्या केल्या होत्या आणि दोन हजारांच्या आसपास पत्रांवर नुसते अंगठे होते. आईबाप गावात होते, त्यांना कुणी विचारले नाही. काही मुलींचे मृत्यू झाले. ते लशीमुळे झाले नसावेत असा निष्कर्ष चौकशीत निघाला, पण एप्रिल २०१०मध्ये प्रकल्प थांबला आणि २०१३ साली संसदीय समितीने कडक ताशेरे ओढले. लस चांगली होती. जगभर तिने हे सिद्ध केले. ती कशी दिली गेली याने तिचे नाव भारतात कितीतरी वर्षे संशयाच्या छायेत ठेवले. सिक्कीमने २०१८ साली शिक्षकांना आणि पालकांना आधी विश्वासात घेऊन तीच लस राज्यभरातल्या बहुतेक सर्व मुलींपर्यंत नेली.

ईशान्येकडचे आकडे पाहिले तर हा प्रश्न किती निकडीचा आहे हे कळते. राष्ट्रीय नोंदणीच्या २०२०च्या अहवालात पुरुषांमधले सर्वाधिक प्रमाण मिझोराममधल्या ऐझॉल जिल्ह्यात आहे, लाखामागे २६९.४. स्त्रियांमधले सर्वाधिक अरुणाचलातल्या पापुमपारे जिल्ह्यात, २१९.८. दोन्ही जिल्हे आदिवासीबहुल आहेत. त्याच तक्त्यात सर्वांत कमी प्रमाण आपल्या उस्मानाबाद-बीडचे आहे, पुरुषांत ३९.५. मिझोराममध्ये तंबाखूचा धूर पाण्यातून नेऊन बनवलेले ‘तुइबुर’ तोंडात धरतात. जठराच्या कॅन्सरशी त्याचा संबंध अभ्यासांतून दिसला आहे. तिथले लोक तुइबुरकडे कसे पाहतात हे जाणल्याशिवाय पुढचे पाऊल पडणार नाही. विदर्भातल्या खर्ऱ्याचेही तेच. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकमध्ये घोटून गडचिरोलीत लहान मुलेही तो चघळतात. २०१६पासून ‘मुक्तिपथ’ अभियान गावांच्या ठरावांतून खर्ऱ्याची विक्री बंद पाडण्याचा प्रयत्न करते आहे.

लोकांना विचारण्याचा धडा महाराष्ट्राला नवा नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत सुरुवातीला सिकलसेलचे प्रमाण शोधून काढले. संशोधन चोख होते, पण हा आपला प्रश्न आहे असे लोकांना वाटतच नव्हते. ती चूक डॉ. बंग यांनी उघडपणे सांगितली आहे. पुढे त्यांच्या ‘सर्च’ या संस्थेने काय अभ्यासायचे हे गावांना विचारून ठरवायला सुरुवात केली. दवाखानाही गोंड गावाच्या धर्तीवर, दंतेश्वरी देवीच्या नावाने उभा केला. बार्शीला १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. रुग्ण दवाखान्यात येत नाहीत म्हणून तिचे कार्यकर्ते गावोगाव जाऊन विचारपूस करू लागले, आणि त्या फेऱ्यांमुळेच गर्भाशयमुखाचा कॅन्सर आधीच्या टप्प्यावर दाखल होऊ लागला. नोंद ठेवणारा गावात गेला, एवढ्यानेही आयुष्ये वाचली.

आदिवासींच्या कॅन्सरबाबत मात्र आपण फार मागे आहोत. २०११च्या जनगणनेत अनुसूचित जमातींचे १० कोटी ४० लाखांहून अधिक लोक होते. राष्ट्रीय नोंदणी अहवालातले आकडे जिल्ह्याचे किंवा शहराचे असतात, जमातीचे नसतात. माडिया, कोलाम, भिल्ल किंवा कातकरी स्त्रियांमध्ये कोणता कॅन्सर किती, हे त्यांतून वाचता येत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) २०१७ची नियमावली आदिवासी भागात संशोधन करण्यापूर्वी आदिवासी कल्याण आयुक्त किंवा जिल्हाधिकारी अशा सक्षम अधिकाऱ्याची मान्यता घ्यायला सांगते. गावच्या पुढाऱ्यांची परवानगी आणि स्थानिक भाषेतली संमतीही सांगते. हे चांगलेच आहे. पण नमुना किती वर्षे कुठे राहील, दुसऱ्या अभ्यासासाठी वापरायचा तर कोणाला विचारायचे, निबंध छापण्याआधी कोण वाचणार, हे ठरवणारे आदिवासींचे स्वतःचे मंडळ आपल्याकडे नाही.

ते उभे करायला लागणारा कायदेशीर पाया मात्र आहे. १९९६चा पेसा कायदा आणि २००६चा वनहक्क कायदा यांनी ग्रामसभेला निर्णयाचे बळ दिले. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावात सर्वसहमतीने ठरवायची आणि ठरवण्याआधी अभ्यास गटात बसून विषय समजून घ्यायची रीत कित्येक वर्षे रुळली आहे. कॅन्सरच्या तपासणीचा प्रस्ताव घेऊन मुंबईचा किंवा नागपूरचा संशोधक अशा सभेत गेला, तर त्याला गोंडीत सांगावे लागेल की कोणाची तपासणी होणार, रक्त किंवा स्वॅब कुठल्या फ्रीजमध्ये राहणार, गाठ सापडली तर चंद्रपूरला की नागपूरला जायचे, गाडीभाडे कोण देणार, सोबत कोण जाणार आणि धान कापणीच्या दिवसांत उपचार आले तर शेत कोण पाहणार. सभा यातल्या दोन अटी बदलायला सांगेल, एखादा प्रस्ताव फेटाळेलही. तो अधिकार तिला आधी, लेखी आणि निधीच्या पहिल्या हप्त्यापासून मिळायला हवा.